लाल खुणेची ओळ

ऑक्टोबर आला की नाशकातल्या लोकांना ऊन बाधतं, निफाडकडे द्राक्षांची छाटणी सुरू होते, आणि मला शरम सुटते. घामोळं सुटावं तशी. मानेपासून सुरू होते आणि पाठीवर नेमक्या अशा जागी जाते की हात पोचत नाही.

आजही सकाळी पाव आणायला म्हणून बाहेर पडलो, तर नाक्यावरून एक पिकअप गेली. मागे दाटीनं उभ्या बायका, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला खोचलेल्या कात्र्या. सुरगाण्या-पेठेकडून छाटणीला येणाऱ्या टोळ्या या. त्यातली कोणीतरी एक मोठ्यानं हसली. ती माझ्याकडे बघून हसली नसणारच. पण मी पाव न घेताच घरी आलो.

"पाव?" मेधानं विचारलं. मेधा ही माझी बायको, आणि माझ्या कलेची एकमेव प्रामाणिक समीक्षक.

"टोळी दिसली," मी म्हटलं.

"असं होय. मग आज पोळीच खा," ती म्हणाली.  चार वर्षं झाली, तिला पाठ आहे.

ज्यांनी छाटणीचे दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगतो. काल हिरवीगार असलेली बाग दोन दिवसांत तपकिरी होते. पानं जातात, फांद्या जातात, उरतं ते काळं, पिळदार खोड आणि तारेवर बांधलेल्या बोटभर जाडीच्या काड्या. बागेत शिरलं तर कापल्या काडीचा ओलसर, किंचित आंबूस वास येतो. पायाखाली वाळत चाललेला पाला कुरकुरतो, आणि सगळीकडून कात्र्यांचा कटकट आवाज, टाइपरायटरच्या जुन्या ऑफिसात शिरल्यासारखा. दुपारच्या उन्हात ती बाग इतकी मेलेली दिसते, की नवख्या माणसानं दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

मी नवखा नव्हतो. निदान माझं स्वतःबद्दल तसं मत होतं.

मी शिल्पं करतो. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचो, ती नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच. संगमरवर-ब्राँझच्या वाट्याला मी जात नाही. एक तर ते परवडत नाही, आणि दुसरं म्हणजे न परवडण्याला तत्त्वज्ञान म्हणता येतं हे मला लवकर कळलं. आमच्या मुलखात जे निघतं त्यातून मी काम करतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची कोळशाची राख, जी लोक विटा करायला नेतात. गंजलेले लोखंडी अँगल. आणि जुन्या बागा मोडल्या की निघणारी द्राक्षाची खोडं. माणसानं निसर्गाला तारेवर बांधलं, जाळलं, वाकवलं, आणि त्यातून जे उरलं ते माझं साहित्य, असं मी भाषणात म्हणायचो. त्यापुढचं वाक्य आणखी भारी होतं : "मी लाकडाला आकार देत नाही, मी लाकडाचं ऐकतो."

मेधा पहिल्या रांगेत बसून हे ऐकायची. घरी येताना म्हणायची, "लाकडाचं ऐकतोस ते बरंय. माझं ऐकलं असतंस तर गॅस संपला नसता."

चार वर्षांपूर्वी निफाडच्या अलीकडे दगूनानांनी खालच्या अंगाची जुनी बाग मोडायला काढली होती. नाना म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. तो विद्यार्थी आता अंबडला कंपनीत जातो आणि बाग बघते त्याची बायको, सुनंदा. नानांनी फोन करून बोलावलं, स्वतः फिरून दाखवलं. खालच्या बागेच्या काड्या, तारा सगळं काढून झालं होतं. नुसती मुंडकी उडवल्यासारखी खोडं उभी होती.

"ही समदी तुझी, मास्तर," नाना म्हणाले. "जेसीबी यायच्या आत घेऊन जा. फक्त ही कडंची वळ सोड. ती सुनंदाची हाय."

मग त्यांनी त्या ओळीची कहाणी सांगितली असणार. असणार म्हणतो, कारण मी तेव्हा एका खोडाकडे एक डोळा मिटून बघत होतो आणि प्रदर्शनाचं नाव ठरवत होतो. मी फक्त "हं, हं, वा" म्हणत होतो. नंतर कळलं ते असं : सुनंदानं त्या जुन्या खोडांवर नव्या जातीचं कलम स्वतःच्या हातानं बांधलं होतं. सासऱ्यांनी तिला तेवढी एक ओळ दिली होती, आणि म्हटलं होतं की ही पिकवून दाखव, मग सगळी बाग तुझ्या म्हणण्यानं लावू. दोन वर्षं तिनं ती पोराबाळासारखी सांभाळली. फळ धरायचं ते पहिलंच वर्ष.

नवरात्रात मी आरी घेऊन गेलो. सोबत टेम्पोवाला होता. वस्तीवर कुलूप, सगळे वणीच्या गडावर गेलेले. नानांनी फोनवर सांगितलं होतं, "आमी नसलो तरी तू ने." छाटणीची टोळी वरच्या बागेत होती, त्यांच्या बोलण्याचे आवाज तेवढे येत होते.

खालच्या बागेतली पाच खोडं मी कापली. ठीक होती. पण मुंडकी उडवलेलं खोड काही बोलत नाही हो! आणि मग कडेला पाहिलं, तर एक ओळ अशी उभी, की काय सांगू. खोडं तशीच जुनी, जाड. पण कमरेच्या उंचीवर एकेक गाठ, जणू कुणी आतून मूठ आवळली आहे. वर पसरलेल्या काड्या, हात उचलल्यासारख्या. आणि त्या काड्यांवर, अंतराअंतरानं, लाल रंगाचे ठिपके.

हा रंग काय असतो ते आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात. कुठला डोळा लावून झाला, कुठला राहिला, ते दिसावं म्हणून तिच्यात लाल रंग मिसळतात. मलाही माहीत होतं. छाटणीवर मी एक मोठा लेख लिहिला होता, त्यात या लाल रंगावर अख्खा परिच्छेद होता. पण लेख लिहिताना जो माणूस असतो तो आरी हातात घेताना बरोबर येतोच असं नाही. रस्ता रुंद करताना तोडायच्या झाडांना लाल पट्टा मारतात, ते मी रोज बघत होतो. मी त्या ओळीसमोर उभा राहिलो आणि टेम्पोवाल्याला म्हणालो, "पाहिलंस? नानांनी चांगली खोडं निवडून खुणाही करून ठेवल्यात!"

"सर, वल्ली वाटत्यात," टेम्पोवाला म्हणाला. त्यानं काडीच्या छाटलेल्या टोकाला बोट लावून पाहिलं. पाणी गळत होतं, थेंब थेंब.

"दव आहे," मी म्हटलं.

दुपारचे बारा वाजले होते.

चार कापली मी. नेमकी ज्यांच्या गाठी सगळ्यांत देखण्या होत्या ती चार. त्या गाठी म्हणजे सुनंदाची कलमं.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. आवाज असा, की घरात कुणी गेलं की काय.

"मास्तर, सुनंदाच्या वळीतली चार झाडं कुणीतरी कापली. परवाच पेस्ट लावलेली. लाल केलेली. तू आला तवा वळ शाबूत व्हती ना?"

लाल म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख झालं. तो परिच्छेद, तो गळणारा थेंब, ते बारा वाजताचं दव. सगळं एका ओळीत उभं राहिलं. आणि मी म्हणालो,

"होती."

एवढंच. मी आयुष्यात खूप बोललो आहे. शाळेत, सभांत, मांडवात, एकदा तर चुकून दुसऱ्याच माणसाच्या शोकसभेत. पण माझ्या हातून घडलेलं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे हे दोन अक्षरी. का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्रदर्शन दहा दिवसांवर होतं हे खरं. पण खरं कारण आणखी क्षुद्र आहे. चोर म्हणवून घ्यायला मी एक वेळ तयार झालो असतो. अडाणी म्हणवून घ्यायला नव्हतो.

आमच्याकडे बाग कापणं म्हणजे वैर. माणूस मारता येत नाही म्हणून त्याची बाग मारतात. त्यामुळे नानांनी वैरी शोधायला सुरुवात केली, आणि वैरी सापडायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. पेस्टिंग करणाऱ्या टोळीची मुकादम यमुनाबाई, सुरगाण्याकडची. काडीवर डोळे किती ठेवायचे यावरून आदल्या दिवशी तिचं आणि सुनंदाचं वाजलं होतं.

"तिचंच काम," नाना म्हणाले. "टोळी काढून टाकली म्या. फाटकातूनच."

"हं," मी म्हटलं. म्हणजे दोन अक्षरांवरून मी एकावर आलो होतो.

त्या दहा दिवसांतलं माझं कार्यशाळेतलं चित्र आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. ओलं खोड वाळताना तडकतं, म्हणून मी ती चार खोडं ओल्या गोणपाटात गुंडाळली. रोज सकाळी पाणी मारायचो. लोखंडी पन्हाळीत एकलहऱ्याची राख भरून त्यात ती उभी केली. पंख्यानं राख उडू नये म्हणून तीही ओली ठेवली. शिल्पाला नाव दिलं : 'निष्प्राण'. आणि त्या निष्प्राणाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो! एखाद्या खुन्यानं प्रेताला सलाइन लावावं, तसं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरी उघडणाऱ्या मुलीचा फोन आला. "सर, तुमचं ते निष्प्राण आहे ना... त्याला काहीतरी झालंय."

जाऊन पाहतो तर काड्यांवरचा एकेक लाल ठिपका फुटला होता. आतून कापसासारखी लव, त्यातून गुलाबी-तांबूस टोक, आणि एका ठिकाणी तर नखाएवढं पान उलगडलेलं. राखेतून उगवलेलं. मी जे पाहिलं ते इतकं सुंदर होतं की मला बघवेना.

आणि मग मी काय केलं? खिशातलं पेन काढलं आणि 'निष्प्राण'पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. लोक मोबाइल घेऊन येऊ लागले. एका जाणकारांनी त्या प्रश्नचिन्हावर पंधरा मिनिटं भाष्य केलं. मी मध्ये उभा, हात मागे बांधून, आणि सांगत होतो, "राख आणि अंकुर. उद्योग आणि निसर्ग. हे होणार याची मला कल्पना होती. किंबहुना तोच माझा..."

"सर."

मागे सुनंदा उभी होती. निमंत्रण महिन्यापूर्वीच गेलं होतं. ती येईल हे मी विसरलो होतो. शेतातून तशीच स्कूटीवर आलेली, चपलांना माती. ती माझ्याकडे बघत नव्हती. खोडाजवळ गेली, गाठीवरून बोट फिरवलं, आणि नखानं सालीखालून प्लॅस्टिकच्या पट्टीचा एक तुकडा ओढून काढला. कलम बांधताना गुंडाळलेली पट्टी. मग तिनं ते फुटवे मोजले. एक काडी, दुसरी काडी. हळू, ओठ हलवत.

मी वाट पाहत होतो की ती ओरडेल. मला खरं तर तेच हवं होतं.

ती म्हणाली, "यमुनाबाईंनी पेस्ट काय लावली होती बघा. लावलेला एकही डोळा चुकला नाही."

एवढं बोलून तिनं विचारलं, "कात्री आहे का?"

टेबलावर उद्घाटनाचं ताट तसंच होतं. मी त्यातली फीत कापायची कात्री दिली. झेंडूची सुकलेली पाकळी चिकटलेली. तिनं काडीला लावून पाहिली आणि परत दिली. "ही फितीची. हिनं काडी कापली जात नाही." बाहेर जाऊन स्कूटीच्या डिकीतून स्वतःची कात्री आणली. बुडाजवळच्या काही डोळ्यांना पेस्ट लावलेली नव्हती, ते अजून झोपलेले होते. तेवढे तुकडे तिनं पुन्हा कलम बांधायला म्हणून मोजून कापले आणि ओल्या फडक्यात गुंडाळले. कट. कट. कट.

लोकांना वाटलं हाही शिल्पाचाच भाग आहे. टाळ्या वाजल्या.

जाताना ती दारात थांबली. "नानांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. पण आधी यमुनाबाईंना."

यमुनाबाईची टोळी दिंडोरीकडच्या एका बागेत सापडली. मांडवाची बाग, तारा माझ्या कपाळाच्या उंचीवर. रात्रभर वाक्यं तयार केली होती, पहिलं वाक्य सुरू केलं आणि लोखंडी अँगलला डोकं आपटलं. सगळ्या बायका खुसखुसल्या, पण हात कुणाचा थांबला नाही. यमुनाबाई पन्नाशीची, काटक, हातमोज्यांची बोटं लाल झालेली. ती एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे सरकत होती, आणि मी वाकून, खेकड्यासारखा आडवा, तिच्या बाजूनं चालत क्षमा मागत होतो.

"यमुनाबाई, मला एक सांगायचं आहे..."

"जेवताना सांग. आता हात चालू हायेत."

दीड तास मी बांधावर बसलो. माझ्या पश्चात्तापाला इतकं बसवून ठेवणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. शेवटी बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या आणि मी सांगितलं. सगळं. दवासकट. आपसात भराभर काही बोलणं झालं, ते मला कळलं नाही. मग एकदम हशा.

"लाल दिसलं आन् कापलं?" यमुनाबाई म्हणाली.

"हो."

"अरं, मंग बाजारात जपून जात जा. लाल लुगड्याच्या बाया लय असत्यात."

पुन्हा हशा. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"आठ दिस सडकंच्या कडंला व्हतो आमी. समद्यांच्या बागांना टोळ्या लागून गेल्या व्हत्या, कोण घेतंय? आन् जिथं गेलो तिथं आदी इचारायचे, बाग कापणाऱ्या त्या तुमीच का? या हातानं." तिनं हात पुढे केला नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. "वीस वरसं झाली ह्या हातानं डोळं लावती मी. झाड कापंल हा हात?"

मग तिनं भाकरी संपवली, हातमोजे चढवले आणि पुन्हा झाडाकडे गेली. 

नानांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते खाटेवर बसले होते. रागावतील, हाकलतील, अशी मनाची तयारी होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"खोडांचं सोड, मास्तर. खोडं येत्यात. ती बाई फाटकात उभी व्हती, डोक्यावर समदं बिऱ्हाड. म्या तिला पाणी बी इचारलं नाय. माझ्या बानं कंदी कुणाला तसं लावलं नव्हतं." मग खाटेवरून उठले. "ते तू माझ्याकडून करवून घेतलंस."

नाना दुसऱ्या दिवशी स्वतः दिंडोरीला गेले. यमुनाबाई म्हणाली, बघू. त्या 'बघू'ला चार वर्षं लागली.

सुनंदानं नेलेल्या काड्यांपैकी एकच कलम धरलं. बाकी जागा तिनं नव्या झाडांनी भरल्या. ओळ पिकली, थोडी उशिरा पिकली, आणि आता सगळी बाग तिच्याच म्हणण्यानं लागते. शिल्पाचे फुटवे आठवड्यात माना टाकून वाळले. तेव्हा कुठे ते आपल्या नावाला जागलं. आता ते आमच्या अंगणात उभं आहे. प्रश्नचिन्ह मी खोडायला गेलो तर मेधानं हात धरला. "राहू दे. तुझ्या सगळ्या कामात तेवढंच एक खरं आहे."

यंदा यमुनाबाई नानांच्या बागेवर परत आली. सुनंदाचा निरोप होता : "त्या विचारतायत, लाकूडतोड्या आहे का अजून? या म्हणावं, पण आरी घरी ठेवून."

गेलो. यमुनाबाईनं माझ्या हाताकडे पाहिलं, हातमोजे दिले, पेस्टचा डबा दिला आणि त्या ओळीतल्या शेवटच्या झाडापाशी उभं केलं. तेच, एकुलतं एक धरलेलं कलम. मी डोळा शोधायचा, लाल करायचा, पुढे सरकायचं. उन्हात मान भाजत होती. काडीच्या टोकातून पाणी गळत होतं आणि ते दव नव्हतं. माझ्यामागून ती येत होती, माझं काम तपासत. मला शाळेतल्या माझ्याच मुलांची आठवण झाली, ज्यांच्या मागे मी असाच उभा राहायचो आणि ती घाबरून रेषा वाकडी काढायची.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.  चांगलं नाही, वाईट नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी, म्हणजे आज, पाव न घेता घरी आल्यावर फोन पाहिला. सुनंदानं फोटो पाठवला होता. काडीभर गुलाबी-तांबूस फुटवे, सरळ रांगेत, शाळेच्या कवायतीसारखे. माझी छाती फुगली. मेधाला हाक मारणार होतो. मग फोटो बोटांनी मोठा केला, तेव्हा मधेच दोन जागा दिसल्या. दोन डोळे, बंद, तपकिरी, त्यांच्यावर लाल रंगाचा मागमूस नाही.

खाली सुनंदानं लिहिलं होतं : "हे दोन तुमच्याकडून राहिले होते. यमुनाबाईंनी बघितले होते, पण लावले नाहीत. म्हणाल्या, मास्तरची खूण आहे, राहू दे."